सतरा नंबरचा बिल्ला

वैजयंती मोहोळकरच्या वर्गात एक नियम होता आणि तो तिने स्वतःवरच लादून घेतला होता. स्वतःच्या मुलीला वर्गात प्रश्न विचारायचा नाही. रेवा याच शाळेत, आईच्याच तिसरी 'ब'मध्ये होती. महापालिकेच्या शाळेतले बाकीचे शिक्षक मराठी शाळेचे गोडवे गायचे आणि स्वतःची मुलं सकाळी इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवून यायचे. वैजयंतीला ते जमलं नाही. पण शिक्षिकेची मुलगी वर्गात असली की सगळ्यांचे डोळे तिच्यावर लागतात. सोपा प्रश्न विचारला तर म्हणे लाड आणि अवघड विचारला तर म्हणे घरून घोकून आणलंय. त्यापेक्षा विचारायलाच नको. रेवाही तशी शहाणी. तिचा हात कधी वर गेला नाही.

तर या रेवाची पट्टी डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी चांगली हातभर लांब आली.

पट्टीचं प्रकरण आधी सांगायला हवं. सोलापूरच्या पूर्व भागातली ही शाळा. चहूबाजूंनी टॉवेल विणणारे यंत्रमाग, त्यांचा खडखडाट सकाळच्या प्रार्थनेपासून सोबतीला. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, आणि शाळेत सगळे मराठी. त्यात कुणाचा 'र' निसटतो, कुणाचा 'स' बोबडा. पूर्वी वाचा-उपचाराच्या मॅडम महिन्यातून एकदा यायच्या, अशा मुलांना वेगळ्या खोलीत बसवून चित्रं दाखवायच्या, ससा, समई, सफरचंद. मूल तिथे ठणठणीत म्हणायचं आणि वर्गात परत आलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जीभ खोलीत शिकायची आणि वर्गात विसरायची.

दोन वर्षांपूर्वी उच्चार-संच आला आणि हे चित्र पालटलं. नाण्याएवढा एक बिल्ला, गळ्याखालच्या हाडावर चिकटून बसणारा. बोलताना हाडात जी थरथर उठते ती तो पकडतो आणि तिच्या आगेमागे हवेत जो आवाज येईल तेवढाच त्या मुलाचा मानतो. बाकी सगळं सोडून देतो. त्यामुळे बाहेर माग चालू असोत, नाहीतर आत बेचाळीस मुलं एका सुरात पाढे म्हणत असोत, प्रत्येक बिल्ल्याला आपलंच मूल ऐकू येतं. दिवसभरात कुठला ध्वनी किती वेळा घसरला हे मोजून दुपारी तीन वाजता यंत्र प्रत्येक मुलाची सरावाची पट्टी छापतं. त्या पट्टीवरचे शब्द त्याच दिवशीच्या धड्यातले असतात. गणितातला 'शेकडा', परिसर अभ्यासातला 'पाणीसाठा'. जे शिकलं तेच पुन्हा, नीट म्हणायचं. काही घसरलंच नसेल तर कोऱ्या पट्टीवर एक चांदणी. पट्टी वितीहून लांब आली तर खेळाचा तास बुडवून ग्रंथालयाच्या कोपऱ्यात सरावाला बसायचं.

संचाने शिक्षकांनाही वळण लावलं होतं. टेबलावरच्या टॅबवर तासाला नावं यायची, आज यांना बोलतं करा. लांब पट्टीवाले वर, चांदणीवाले तळाशी. लाजरीबुजरी मुलं त्यामुळे बोलू लागली हे खरंच. पण ज्याच्या नावावर चांदणी आहे त्याच्याकडे महिनामहिना कुणी बघायचं नाही हेही तेवढंच खरं. ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि एक गोष्ट. संच मुलांचे आवाज साठवत नसे आणि आवाजावरून मूल ओळखतही नसे. त्याला फक्त नंबर कळायचा. ही अट घालायला लावणाऱ्यांत वैजयंती सगळ्यात पुढे होती. "आवाज म्हणजे मुलाचा अंगठा आहे. तो कुणाच्या दप्तरात जमा होता कामा नये," असं ती शिक्षकांच्या सभेत टेबलावर हात आपटून बोलली होती. टाळ्याही पडल्या होत्या.

रेवाचा नंबर सतरा.

"सासवड म्हण," वैजयंतीने त्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता फर्मान सोडलं.

"सासवड."

"शंभर शेंगदाणे."

"शंभर शेंगदाणे. आई, मी बाहेर जाऊ?"

"नीट तर बोलतेय," वैजयंतीचा नवरा धनंजय म्हणाला. तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात होता आणि कुठल्याही यंत्रावर त्याचा अर्ध्याहून जास्त विश्वास नसे. "तुमचा तो बिल्ला बिघडला असेल."

बिल्ला बिघडला नव्हता. वैजयंतीने तो तपासून घेतला. दुसऱ्या आठवड्यात पट्टी आणखी लांबली. गंमत म्हणजे रेवा ग्रंथालयात सरावाला बसली की एकही चूक नाही आणि वर्गात मात्र चुकाच चुका. मुजावर मॅडमनी ते आकडे बघितले. शबाना मुजावर म्हणजे बावीस शाळा सांभाळणाऱ्या वाचा-उपचारक, सदा धावपळीत. त्या म्हणाल्या, "हे आमच्याकडे नेहमीचंच आहे. सरावात येतं, वर्गात उतरत नाही. घाबरू नका."

तिसऱ्या आठवड्यात मात्र त्यांचा स्वर बदलला. त्यांनी फोनवर बोलायचं टाळलं आणि स्वतः शाळेत आल्या.

"बाई, हे नुसतं न उतरणं नाही. आधी 'स' बोथट झाला, मग 'श' गेला, आता 'च' आणि 'छ' जायला लागलेत. मूल ध्वनी कमावत जातं. एकदा कमावलेला गमावत नाही. गमावत असेल तर बहुतेक वेळा कान, नाहीतर मेंदू." त्यांनी टॅबवरची उतरती रेघ दाखवली. "कानाला बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे झाले की सगळ्यात आधी हेच ध्वनी जातात. जे ऐकू येत नाही ते जीभ विसरते. तपासण्या करून घ्या. लवकर."

 वैजयंती वर्गात परत गेली, फळ्यावर काहीतरी लिहिलं, आणि मुलांकडे पाठ करून बराच वेळ तशीच उभी राहिली.

सोलापुरातल्या कानाच्या डॉक्टरांनी रेवाला तपासलं. कान उत्तम. मग पुणे. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी, डोक्याला तारा जोडून तपासणी, रक्ताच्या चार नळ्या, शेवटी धडधडणाऱ्या बोगद्यात अर्धा तास निजवून मेंदूची छायाचित्रं. रेवाने सगळं मुकाट्याने करून घेतलं. शेवटी डॉक्टर हसत म्हणाले, "बेटा, तुला काहीसुद्धा झालेलं नाही."

"मग गोळ्या?" रेवाने विचारलं.

"गोळ्या कशाला? एकही नाही!"

यावर कुठल्याही मुलीने उडी मारली असती. रेवा ओक्साबोक्शी रडायला लागली. दमली असेल, असं वैजयंतीला वाटलं.

डॉक्टर काही म्हणोत, शाळेतली रेघ उतरतच होती. आणि वैजयंतीला आता घरातही ऐकू येऊ लागलं. रेवा 'चमचा' म्हणाली की त्यातला 'च' जरा पातळ वाटायचा. 'शाळा' म्हणाली की वैजयंतीचा हात थांबायचा. ती मुलीच्या तोंडाकडे बघायची, शब्दाकडे नाही. पोरगी काय सांगतेय हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. रेवाही कमी कमी बोलू लागली. पाणी हवं असलं तर उठून स्वतः घ्यायची. बोलणं कमी झालं म्हणून आईची धास्ती वाढली आणि धास्ती वाढली म्हणून लेकीचं बोलणं आणखी आटलं.

"तू तिच्याशी बोलत नाहीस, तू तिला तपासतेस," एका रविवारी जेवताना धनंजय भडकला. "डॉक्टर सांगताहेत, मी सांगतोय, तुझे स्वतःचे कान सांगताहेत. आणि तू मात्र त्या डबड्याचं ऐकतेस."

"ते डबडं दिवसाचे सहा तास तिला ऐकतं. तू किती ऐकतोस?"

धनंजय ताटावरून उठला. रेवा भाताची शितं मोजत बसली.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी दुपारी सतरा नंबरची पट्टी यंत्रातून निघता निघेना. ती टेबलावरून खाली लोंबू लागली. वैजयंतीने ती फाडून घडी केली.  तिच्या मनात आलं, सगळे हिला ऐकताहेत. डॉक्टरांनी ऐकलं, यंत्र ऐकतंय, घरी मी ऐकतेय. वर्गात मात्र मी हिला एकदाही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला तिने टॅब उचलून समोर धरला. त्यावर बेचाळीस नंबर होते आणि प्रत्येकासमोर एक हिरवी रेघ. मूल बोललं की रेघ उसळायची, गप्प झालं की निजायची.

"रेवा," ती म्हणाली. "उभी राहा. धडा वाच."

वर्ग चिडीचूप झाला. बाईंनी रेवाला उठवलं! एकेचाळीस माना वळल्या. रेवाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने शेजारच्या मुलीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि अखेर पुस्तक हातात घेऊन उभी राहिली.

"सकाळी सूर्य उगवला. शेतातून पाखरांचे आवाज येऊ लागले..."

स्वच्छ आवाज. 'स' तसा 'स', 'श' तसा 'श'. वैजयंतीने टॅबकडे पाहिलं. सतरा नंबरची रेघ आडवी पडली होती. ढिम्म हलत नव्हती.

बिल्ला बंद पडला, हा पहिला विचार. तेवढ्यात खाली काहीतरी हललं. तेवीस नंबरची रेघ उसळत होती. रेवा थांबली की थांबत होती, रेवाने शब्द उच्चारला की उठत होती.

वैजयंतीला जे वाटलं ते ती पुढे कुणालाही सांगणार नव्हती. तिला वाटलं, सुटले. माझी पोरगी धडधाकट आहे. सहा आठवडे छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं झालं आणि तिला हसूसुद्धा फुटणार होतं. दुसरा विचार यायला दोन-तीन श्वास लागले. सतरा नंबरचा बिल्ला कुणाच्या तरी गळ्यात आहे. आणि जी मुलगी आपले ध्वनी एकेक करून गमावते आहे ती या खोलीतच बसलेली आहे.

तेवीस नंबर म्हणजे लास्या येमूल. रेवाच्या शेजारी बसणारी, खो-खोच्या संघातली सगळ्यात चपळ पोरगी. सहा आठवडे तिच्या नावावर रोज चांदणी होती. डिसेंबरअखेर वैजयंतीने स्वतःच्या हाताने तिला 'शुद्ध उच्चारा'चं प्रशस्तिपत्र दिलं होतं आणि सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

"लास्या, पुढचं वाच."

लास्या पुस्तकात बघत होती.

"लास्या!"

ती तशीच. रेवाने हळूच तिच्या कोपराला हात लावला. लास्याने मान वर केली, आधी रेवाकडे आणि मग बाईंच्या ओठांकडे पाहिलं. मग उभी राहून वाचू लागली. मोठ्याने, एकाच सुरात, चढ नाही की उतार नाही. शब्दांच्या कडा झिजून गेल्या होत्या. 'स' कुठेच नव्हता. त्याच्या जागी नुसती फुंकर होती.

कुणी हसलं नाही. वैजयंती वाट बघत होती की कुणीतरी फिदीफिदी हसेल, पण मुलं शांत होती. पहिल्या बाकावरची मदिहा सहज म्हणाली, "बाई, तिला हाक ऐकू येत नाही. हात लावायचा असतो. आम्ही लावतो."

सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

व्हरांड्यात वैजयंतीने रेवाचे दोन्ही खांदे धरले. "कधीपासून?"

"आधी फक्त खेळाच्या तासासाठी," रेवा खालमानेने म्हणाली. "लास्याची पट्टी वितीहून लांब यायची. ती सरावाला बसली असती तर खो-खोला कोण पळणार होतं? मला खेळायला नाही आवडत. मला तिथं पुस्तकांजवळ बसायला आवडतं. म्हणून सकाळी बिल्ले बदलायचे, खेळाच्या तासाला मी माझा परत घ्यायचे, खेळणाऱ्यांचे तेव्हा काढलेलेच असतात, नंतर पुन्हा बदलायचे. मग तिला ऐकूच येईना. मी म्हटलं बाईंना सांगू. तिने गळ्याची शपथ घातली. म्हणाली, मला खेळातून काढतील."

"अगं, पुण्याला तुझ्या हाताला इतक्या सुया टोचल्या! तेव्हाही तोंड उघडलं नाहीस?"

"मला वाटलं..." रेवाने बाहीने नाक पुसलं. "आजार माझ्या नंबरावर आलाय, तर औषधपण माझ्या नावावर देतील. मी ते लास्याला देणार होते. पण डॉक्टरांनी दिलंच नाही."

वैजयंतीला रागवायचं होतं. तिने पोरीला पोटाशी धरलं आणि तिलाच रडू कोसळलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. डोळे पुसून तिने मुजावर मॅडमना फोन लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "आजच्या आज. उद्या नाही. मी इस्पितळात पोचते, तुम्ही तिला आणि तिच्या आईला घेऊन या."

येमूलांचं घर शाळेमागच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत लास्याची आई पद्मा टॉवेलांच्या कडा शिवत बसली होती. मागच्या बाजूला चार माग धडधडत होते, लास्याचे वडील तिथे कामावर. भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या शेजारी, ते प्रशस्तिपत्र चौकटीत बसवून लावलेलं. वैजयंतीने तिकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"या की ओ बाई! लास्यानं काय केलं का?"

वैजयंतीने सांगितलं. आवाजावर आवाज चढवून सांगावं लागलं, कारण माग थांबत नव्हते. अर्ध्यातच पद्माचं शिलाई मशीन थांबलं.

"मी आले होते की शाळंत," ती सावकाश म्हणाली. "नाताळाच्या आधी. म्हटलं होतं, पोरगी हाक मारली तर बघत न्हाई. तुम्ही ते पाटीसारखं दाखवलात मला. म्हणलात, बघा, चांदणी. वर्गात सगळ्यात स्पष्ट तीच बोलते. घरात मागाचा आवाज आहे, म्हणून तसं वाटतं म्हणलात."

म्हटलं होतं. वैजयंतीला तो दिवस लख्ख आठवला. मधल्या सुट्टीत, एका हातात डबा, दुसऱ्या हातात टॅब. दुसऱ्या दिवशी रेवाला घेऊन पुण्याला निघायचं होतं आणि मन सगळं तिकडेच लागलं होतं.

"चला," पद्मा उठली. तिने चपला घातल्या आणि लास्याच्या हाताला धरून रिक्षात जाऊन बसली. 

इस्पितळात लास्याला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज ऐकू आला की हात वर करायचा. काचेबाहेर तिघी उभ्या होत्या, पद्मा, वैजयंती आणि मुजावर मॅडम. तंत्रज्ञ बटण फिरवत होता. लास्या टक लावून त्याच्याकडे बघत होती. त्याने बटण पुढे नेलं, आणखी पुढे नेलं. तिचा हात मांडीवरच होता.

"वर कर ना गं," पद्मा पुटपुटली. "वर कर, अम्मा." लेकीला ती लाडाने अम्मा म्हणायची.

बऱ्याच वेळाने हात वर गेला. तोही अर्धाच, नक्की माहीत नसल्यासारखा.

डॉक्टर तरुण होत्या आणि सरळ बोलणाऱ्या. "आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी फौज असते. क्वचित ती चुकून आपल्याच आतल्या कानावर चालून जाते. असंच झालेलं दिसतंय. तिला आवरायचं औषध आहे, आजपासून सुरू करू. पण हा आजार घाई करतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत औषध मिळालं असतं तर बरंच काही वाचलं असतं. किती दिवस झाले?"

 वैजयंती म्हणाली, "सहा आठवडे. तारीखवार नोंद आहे आमच्याकडे."

"तारीखवार?" डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं. "मग इतका उशीर कसा झाला?"

औषध सुरू झालं. वैजयंती रोज शाळा सुटली की येमूलांकडे जाऊ लागली. पद्मा तिला आत ये म्हणत नसे आणि जा असंही म्हणत नसे. रेवा सोबत असायची. रेवाला बघितलं की लास्याचा चेहरा खुलायचा आणि दोघी उंबऱ्यात बसून हातवाऱ्यांनी काहीबाही बोलत राहायच्या. औषधाने लास्याचं तोंड सुजलं, भूक अनावर झाली, रात्रंदिवस चिडचिड. तिसऱ्या आठवड्यात उजवा कान थोडा परतला. त्यावर यंत्र बसवलं. डावा मात्र परतला नाही. डॉक्टरांनी ते पद्माला बाजूला घेऊन सांगितलं. "पोरीला मी सांगते, माझ्या सवडीनं," पद्मा म्हणाली. वैजयंतीला वाटलं, तिने सांगितलं असेल.

फेब्रुवारीत शिक्षण विभागाकडून अहवालाचा कागद आला. निदानास विलंब का झाला ते वर्गशिक्षकाने लिहायचं आणि पालकांची सही घ्यायची.

"तांत्रिक कारण लिहा," मुजावर मॅडम फोनवर म्हणाल्या. "बिल्ल्यांची अदलाबदल, यंत्राला ओळख पटली नाही. खोटं नाही ना त्यात काही? मुलींवर येणार नाही, तुमच्यावरही नाही. माझ्यावरही नाही, खरं सांगायचं तर. एवढंच की मग पुढच्या वर्षीपासून आवाजावरून ओळख सुरू करतील, आणि तुम्हीच ते मागितलंत असं होईल."

वैजयंतीने दोन दिवस तो कागद पिशवीत बाळगला. तांत्रिक कारण. दोनच शब्द, आणि त्यात सगळं बसत होतं. रेवा बसत होती, नोकरी बसत होती. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, डबा न उघडता, तिने लिहून काढलं.

संध्याकाळी ती येमूलांकडे गेली. पद्मा टॉवेलांच्या घड्या घालत होती. लास्या जमिनीवर बसून गणितं सोडवत होती, उजव्या कानामागे यंत्र. वैजयंतीने कागद पुढे केला.

"मी तेलुगू शाळंतली," पद्मा म्हणाली. "ही कचेरीतली मराठी मला वाचाय येत न्हाई. वाचून दाखवा. सगळं दाखवा, गाळू नका."

"मी पण ऐकणार," लास्या म्हणाली. तिने वही मिटली. "बाई, माझ्याकडे बघून वाचा. आणि हळू."

वैजयंतीने पद्माकडे पाहिलं. पद्माने मान डोलावली. मागचे माग चालूच होते. वैजयंतीने घसा साफ केला आणि पोरीकडे तोंड करून एकेक शब्द सुटा करत वाचायला सुरुवात केली.

"दोन विद्यार्थिनींनी बिल्ले बदलले, त्यांपैकी एक माझी मुलगी आहे. त्या आठ वर्षांच्या आहेत आणि त्यांचा दोष नाही. विद्यार्थिनीच्या आईने डिसेंबरात माझ्याकडे येऊन मुलीला ऐकू येत नसल्याचे सांगितले होते. मी आईचे ऐकले नाही, यंत्रावरची चांदणी दाखवून त्यांना परत पाठवले. वर्गातल्या सर्व मुलांना जे कळले होते ते मला कळले नाही, कारण सहा आठवडे मी या विद्यार्थिनीला एकदाही बोलायला उभे केले नाही. या विलंबामुळे तिच्या उजव्या कानाची श्रवणशक्ती काही अंशीच वाचली. डाव्या कानाची परत येणार नाही."

पद्माचे हात घडीवर थांबले होते.  तिने कागद घेतला, पेन मागून घेतलं आणि तेलुगूत सही केली. मग ते दोन्ही वैजयंतीच्या पुढ्यात ठेवून ती पुन्हा टॉवेल उचलणार, एवढ्यात लास्याने हात वर केला. वर्गात करतात तसा.

"बाई, शेवटचं कळलं नाही. डाव्या कानाचं. ते परत वाचा."

पद्माने चटकन तोंड फिरवलं. वैजयंतीच्या तेव्हा ध्यानात आलं, पोरीला अजून कुणी सांगितलेलं नाही.

लास्या तिच्या ओठांकडे बघत वाट पाहत होती. वैजयंती खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसली, तोंडावर उजेड येईल अशी वळली आणि ते वाक्य तिने पुन्हा वाचलं.